कोळशाच्या ग्रिलवरील बिडाची जाळी: तेलाचा थर कसा चढवावा आणि कसा टिकवावा

झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलचा आज सर्वत्र दिसणारा गोल आकार १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातील बोया बनवण्याच्या पत्र्याच्या अर्धगोलांपासून तयार केला. त्या घडणीच्या ग्रिलमध्ये अन्न भाजण्याची जाळी बहुधा मुलामा दिलेल्या पोलादी सळ्यांची असते. तिच्या जागी बिडाची जाळी बसवण्याचा पर्याय आता अनेक कंपन्या देतात, आणि जपानी धाटणीच्या लहान हिबाची शेगड्या तर पुष्कळदा संपूर्णपणे बिडाच्याच असतात. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर, कोकणातल्या घराच्या अंगणात किंवा न्यू जर्सीतल्या घरामागच्या हिरवळीवर अशी शेगडी नव्याने आणणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

बिडाची जाळी निवडण्याचे कारण तिचे वस्तुमान हे आहे. जाड पट्ट्या एकदा तापल्या की थंड सुरमईचा तुकडा किंवा पनीर ठेवल्यावरही त्यांचे तापमान फारसे घसरत नाही, त्यामुळे पृष्ठभाग चटकन खरपूस होतो आणि पट्ट्यांचे गडद ठसे उमटतात. बदल्यात दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात. बीड गंजते, आणि बीड ठिसूळ असते. त्यात दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो. वितळलेला धातू साच्यात सहज वाहतो तो त्यामुळेच, पण तयार झालेला भाग पोलादासारखा वाकत नाही, तडकतो.

घरातला बिडाचा तवा सांभाळण्याची सवय असलेल्यांना वाटते की ग्रिलची जाळीही तशीच सांभाळायची आहे. इथेच बहुतेकांची निराशा होते. आंबोळ्या आणि घावन करण्याचा तवा सहसा दोनशे ते अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, त्यामुळे त्यावर बसलेला तेलाचा थर वर्षानुवर्षे जाड आणि गुळगुळीत होत जातो. ग्रिलची जाळी मात्र उघड्या निखाऱ्यांवर असते. फुललेल्या कोळशाचा पृष्ठभाग सहाशे-सातशे अंशांपर्यंत सहज जातो, आणि जाळीचा जो भाग थेट त्याच्यावर येतो तिथला तेलाचा थर तीनशे अंशांच्या पुढे हळूहळू जळू लागतो. चारशेच्या वर तो फार काळ तग धरत नाही. म्हणून ग्रिलच्या जाळीचे सीझनिंग, म्हणजे तेलाचा थर भाजून चढवणे, ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नाही. प्रत्येक वेळी थोडा थर जळतो आणि प्रत्येक वेळी थोडा नव्याने चढवावा लागतो. हे एकदा मनाशी पक्के केले की पुढचे सगळे काम सोपे आहे आणि त्याला फार वेळही लागत नाही.

आधी जाळी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे

बिडाची प्रत्येक जाळी तेल चढवण्यासाठी नसते. काही जाळ्यांवर काचेसारखा पोर्सेलिनचा मुलामा असतो. चकचकीत मुलामा लगेच ओळखू येतो, पण मॅट काळा मुलामा फसवा असतो. जाळी उजेडात तिरकी धरावी. मुलामा असेल तर पृष्ठभाग सलग आणि काचेसारखा एकसंध दिसतो, कोपऱ्यांवर रंग किंचित साचल्यासारखा जाड वाटतो आणि नखाने टकटक केले तर आवाज थोडा काचेकडे झुकणारा येतो. मुलामा नसलेल्या बिडावर वाळूच्या साच्याची बारीक खरखर हाताला लागते आणि रंग राखाडी किंवा मंद काळा असतो. चुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण तो दोन्हीला चिकटतो.

मुलाम्याच्या जाळीवर तेल भाजून थर चढवण्याची गरज नाही आणि तो नीट बसतही नाही. तिला धातूचा ब्रश किंवा खरवडणी लावू नये, ती आपटू नये, आणि कुठे मुलामा उडून बीड उघडे पडलेच तर तेवढ्या जागी तेलाचे बोट फिरवत राहावे. मुलाम्याचे टवके सतत उडत असतील तर ते अन्नात जातात; अशी जाळी सरळ बदलावी.

तिसरा प्रकार कारखान्यातच तेल चढवून आलेल्या जाळीचा. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या लॉज कंपनीने २००२ च्या सुमारास आपली बिडाची भांडी अशी तयार करून विकायला सुरुवात केली, आणि आता ती पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. हा थर खरा असला तरी पातळ असतो. त्यावर घरी आणखी एक-दोन थर चढवूनच वापर सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेष्टनावर काहीही लिहिलेले नसेल आणि जाळी राखाडी असेल तर ती कोरी समजावी. तिच्यावर वाहतुकीत गंजू नये म्हणून मेण किंवा यंत्राचे तेल लावलेले असण्याची शक्यता असते.

तेल कोणते घ्यावे

तेल तापवले की ते बिडात 'मुरते' असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात घडते ते वेगळे आहे. असंतृप्त मेदाम्ले असलेल्या तेलाचा पातळ थर उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने एकमेकांत गुंफला जातो आणि कठीण, कोरडा, धातूला धरून बसणारा लेप तयार होतो. रंगकामात जवसाचे तेल वाळून कडक होते तीच ही प्रक्रिया, फक्त उष्णतेमुळे वेगाने घडलेली. यावरून दोन निष्कर्ष निघतात. ज्या तेलात असंतृप्त मेदाम्ले अधिक ते तेल अधिक चांगले; आणि थर जितका पातळ तितका प्राणवायू खालपर्यंत पोहोचतो. जाड थर वरून साय धरतो आणि आत चिकट राहतो.

त्यामुळे खोबरेल तेल या कामाला चालत नाही. त्यातील जवळजवळ नव्वद टक्के मेदाम्ले संतृप्त असतात आणि ते कितीही तापवले तरी त्याचा चांगला थर बनत नाही. कोकणात आणि गोव्यात घरात तेच तेल हाताशी असते म्हणून हे मुद्दाम सांगतो. साजूक तुपाचेही तेच. शेंगदाण्याचे रिफाइंड तेल मध्यम, काम भागते. सूर्यफूल आणि सोयाबीन चांगले. जवसाचे तेल सर्वांत लवकर कडक होते आणि त्याचा थर दिसायलाही सुंदर होतो, पण तो ठिसूळ असतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. शोभेच्या कढईसाठी ते ठीक असेल. रोज निखाऱ्यावर तापून गार होणाऱ्या जाळीसाठी मी ते सुचवणार नाही.

माझी पसंती करडईच्या रिफाइंड तेलाला आहे. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीत पिकणाऱ्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल हे असंतृप्त मेदाम्ल भरपूर असते, त्यामुळे त्याचा थर पक्का बसतो, आणि रिफाइंड केलेले तेल बरेच तापवेपर्यंत धूर सोडत नाही. परदेशातील वाचकांनी मात्र बाटलीवरचे लेबल वाचावे. तिकडे विकले जाणारे करडईचे तेल बहुधा 'उच्च ओलिक' वाणाचे असते. ते तळणीसाठी उत्तम, पण थर धरण्याच्या बाबतीत मागे पडते. तिथे साधे सोयाबीन किंवा कनोलाचे तेल घेणे अधिक सोयीचे.

तांदळाच्या पेजेत भांडे भिजवून ठेवण्याची जुनी रीत तव्यासाठी अनेक घरांत पाळली जाते. ग्रिलच्या उष्णतेत तिचा उपयोग होत नाही. जाळी त्या पेजेत गंजण्याचाच संभव अधिक.

पहिल्यांदा थर चढवताना

या कामासाठी एक मोकळी दुपार ठेवावी आणि ते उघड्यावरच करावे. धूर पुष्कळ होतो, आणि पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू बाहेर पडतो. बंद गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा खिडक्या उघड्या ठेवूनही घरात कोळसा पेटवू नये.

पहिले काम धुण्याचे. गरम पाणी, भांडी धुण्याचा साबण आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा ताठ ब्रश घेऊन जाळी दोन्ही बाजूंनी घासावी. बिडाला साबण लावू नये ही समजूत इथे बाजूला ठेवावी, कारण या टप्प्यावर वरचे मेण आणि यंत्राचे तेल काढायचेच आहे. पट्ट्या आडव्या पट्टीला जिथे मिळतात तो कोपरा सर्वांत घाणेरडा असतो. तिथे जुना दात घासण्याचा ब्रश वापरावा. पांढऱ्या कापडाने पुसल्यावर कापडावर राखाडी डाग येत राहिला तरी चालेल, पण तेलकट किंवा मेणचट थर लागता कामा नये.

लगेच वाळवावी. ओले कोरे बीड हवेत ठेवले की अर्ध्या तासात त्यावर केशरी छटा येऊ शकते, आणि दमट दिवसांत त्याहूनही लवकर. कापडाने कोरडी करून जाळी मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावी, म्हणजे सांध्यांतले पाणीही उडून जाईल. ती जरा गरम असतानाच, म्हणजे हातमोजा न घालता क्षणभर धरवेल इतकी, तेल लावायला घ्यावे.

तेल लावण्याची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मध्यम आकाराच्या जाळीला चहाचे दोन चमचे तेल पुरते. धागे न सुटणाऱ्या जुन्या सुती कापडाच्या घडीवर तेल घेऊन प्रत्येक पट्टीची वरची बाजू, खालची बाजू आणि दोन्ही कडा पुसाव्यात. मग दुसरे, कोरडे कापड घ्यावे आणि जणू तेल चुकून लागले आहे आणि ते पूर्ण काढून टाकायचे आहे अशा रीतीने सगळी जाळी पुसावी. हे पुसणे उरकू नये. नीट पुसलेली जाळी मंद, साटिनसारखी दिसते. बोट फिरवले तर बोटाला जेमतेम ओशटपणा जाणवतो, चमक दिसत नाही. पट्टीच्या खालच्या कडेला उजेड पडेल अशी जाळी धरून पाहावे, कारण तेलाचा थेंब तिथेच ओघळून थांबतो आणि भाजल्यावर तपकिरी, चिकट मणी होऊन बसतो. तो मणी नंतर खरवडून काढावा लागतो.

आता भाजणे. जाळी ओव्हनमध्ये मावत असेल तर काम सोपे: २०० ते २३० अंश, एक तास, खिडक्या उघड्या, आणि ओव्हन बंद करून जाळी आतच गार होऊ द्यावी. बहुतेक घरगुती ओव्हनमध्ये ती मावत नाही, म्हणून ग्रिलमध्येच भाजावी लागते, आणि तेव्हा निखारे थेट जाळीखाली नसणे महत्त्वाचे असते. चिमनी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवण्याचे धातूचे नळकांडे, अर्ध्याहून थोडे अधिक कोळशाने भरून पेटवावे. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढुरकी राख धरली की सगळे निखारे ग्रिलच्या एका बाजूला ओतावेत. जाळी दोन भागांची असेल तर एक एक भाग निखारे नसलेल्या बाजूला ठेवावा. एकसंध गोल जाळी असेल तर झाकण लावून दर वीस मिनिटांनी ती पाव वळसा फिरवावी, म्हणजे कोणताही एक भाग सतत निखाऱ्यांवर राहणार नाही. त्यासाठी लांब चिमटा आणि चामड्याचे हातमोजे हवेत.

तापमान पाहण्यासाठी झाकणावरच्या काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. तो झाकणाखालच्या हवेचे तापमान सांगतो, जाळीचे नाही. ओव्हनमध्ये ठेवतात तो छोटा थर्मामीटर जाळीवरच ठेवता आला तर उत्तम. नाहीच मिळाला तर झाकण उघडून तळहात जाळीच्या वर वीतभरापेक्षा थोड्या कमी उंचीवर धरावा. पाच-सहा सेकंदांनी हात काढावासा वाटला तर आच योग्य आहे. दोन सेकंदांतच काढावा लागला तर हवा आत येण्याची खालची झडप अर्धी बंद करावी. सुरुवातीला जाळीतून निळसर धूर निघेल. तो कमी होत होत थांबला की थर बसत आला असे समजावे.

एक तासानंतर सगळ्या झडपा बंद करून ग्रिल स्वतःहून गार होऊ द्यावे. गरम जाळीवर पाणी टाकू नये, ती थंड फरशीवरही ठेवू नये. अचानक गार झालेले बीड तडकते, आणि तो तडा कधी कधी लगेच दिसत नाही, पुढच्या वेळी तापवताना उघड होतो.

पहिल्या फेरीनंतर रंग बहुधा ब्राँझसारखा, कुठे गडद कुठे फिकट असतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही. तेल लावणे, पुसून काढणे आणि भाजणे हा क्रम एकूण तीन वेळा केला की रंग गडद तपकिरी किंवा काळा होतो आणि पाण्याचा थेंब पट्टीवर पसरण्याऐवजी गोळा होऊन राहतो. तीनपेक्षा अधिक फेऱ्या करण्यात मला अर्थ वाटत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीने जे मिळते ते पहिल्या जोरदार आचेत निघूनही जाते.

हात लावल्यावर जाळी चिकट लागत असेल तर तेल जास्त झाले आहे किंवा आच कमी पडली आहे. आणखी तेल न लावता तिला पुन्हा एक तास भाजावे. त्यानेही चिकटपणा गेला नाही तर तेवढा भाग गरम पाणी आणि स्टीलच्या घासणीने घासून पुन्हा सुरुवात करावी.

तेलाच्या कापडांबद्दल एक सूचना गंभीरपणे घ्यावी. वाळणाऱ्या तेलात भिजलेली कापडे चुरगळून ढीग करून ठेवली तर ती आतून तापत जातात आणि आपोआप पेटू शकतात. जवसाच्या तेलाबाबत हे विशेषतः घडते. काम झाल्यावर ती पाण्यात भिजवून टाकावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळू द्यावीत.

प्रत्येक वापराच्या वेळी

पहिल्या काही वेळा चरबीचा अंश असलेले पदार्थ भाजावेत: कातडीसह कोंबडी, खिमा कबाब, बांगडा. लिंबू, दही, कोकम किंवा टोमॅटो भरपूर असलेली मुरवण कोवळ्या थराला खाते. मसाला निथळून घेऊन पदार्थ जाळीवर ठेवला तर टिक्का करायलाही हरकत नाही, मात्र आंबट ओघळ जाळीवर रात्रभर राहू देऊ नये. भरताची वांगी जाळीवर न ठेवता सरळ निखाऱ्यांत ठेवावीत. तीही छान भाजतात आणि सालीतून गळणारे पाणी जाळीवर पडत नाही.

जाळी तापायला वेळ द्यावा. कोळसा पसरल्यावर झाकण लावून दहा ते पंधरा मिनिटे थांबावे, आणि थंडीच्या देशांत त्याहून थोडे अधिक. बर्फाळ हवेत बाहेर राहिलेली जाळी एकदम लालभडक निखाऱ्यांवर ठेवणे हा तडा जाण्याचा हमखास मार्ग आहे. पापलेटची कातडी जाळीला चिकटते ती बहुतेक वेळा जाळी पुरेशी न तापल्यामुळे किंवा तुकडा घाईने उलटल्यामुळे. तेल जाळीवर ओतण्याऐवजी माशाला लावावे. जाळीवर ओतलेले तेल निखाऱ्यांवर पडून भडका उडतो आणि त्या भडक्यात थर जळतो.

काम संपल्यावरची दहा मिनिटे जाळीचे आयुष्य ठरवतात. शेवटचा पदार्थ उतरल्यावर निखारे अजून तेजीत असताना झाकण लावून खालची झडप उघडी ठेवावी. पट्ट्यांवर चिकटलेले मांस आणि मसाला पाच ते दहा मिनिटांत कोरडा, काळा होतो आणि खरवडल्यावर भुगा होऊन सुटतो. त्याहून अधिक वेळ जाळी तापवत ठेवू नये. स्वच्छ होण्यासाठी तासभर भडकत्या आचेवर सोडलेली जाळी स्वच्छ होते खरी, पण तिच्यावरचा थरही निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी ती राखाडी, कोरडी दिसते.

खरवडण्यासाठी मी लाकडी खरवडणीचा आग्रह धरतो. सागाची किंवा बाभळीची साधारण चार बोटे रुंद, जाड फळी घेऊन तिची कडा तिरकी तासावी आणि ती गरम पट्ट्यांवर दाबून मागे-पुढे फिरवावी. पहिल्या काही वापरांत लाकूड पट्ट्यांच्या जागी जळून त्याला खाचा पडतात, आणि त्यानंतर ती फळी त्याच जाळीला इतकी नेमकी बसते की पट्टीची वरची बाजू आणि दोन्ही कडा एकाच हालचालीत साफ होतात. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम पट्ट्यांवर घासण्याची आपल्याकडची पद्धतही चांगली आहे. कांद्यातल्या पाण्याची वाफ होऊन मसाला सुटतो. मात्र ती खरवडण्यानंतरची पायरी आहे, तिच्याऐवजी करायची नाही.

तारेचा ब्रश टाळावा. त्याची एखादी तार तुटून जाळीवर राहते, ती अन्नाला चिकटते आणि गिळली जाते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने २०१२ साली ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यात घशात तार अडकण्यापासून आतड्याला छिद्र पडण्यापर्यंतच्या इजा होत्या. ज्यांच्याकडे तारेचा ब्रश आहे त्यांनी निदान तो झिजताच टाकावा आणि घासल्यावर जाळी ओल्या कापडाने पुसावी. कड्यांची स्टीलची घासणी हा त्याहून सुरक्षित पर्याय आहे.

जाळी खरवडून झाली आणि आच ओसरली की चिमट्यात धरलेल्या कापडाच्या घडीवर तेलाचे काही थेंब घेऊन पट्ट्यांवरून एकदा फिरवावे. जाळी इतपत गरम असावी की तेल पसरेल, पण लगेच धूर सुटणार नाही. त्यानंतर झडपा बंद करून झाकण लावावे. विझत जाणाऱ्या निखाऱ्यांची ऊब तेवढा थर भाजायला पुरते. जळालेला थर भरून निघतो तो इथे.

काही अनुभवी मंडळी मसाला आणि चरबी जाळीवर तशीच ठेवून पुढच्या वेळी पेटवल्यावर साफ करतात. कोरड्या हवामानात ते चालून जाते. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा ठिकाणी ते करू नये, कारण उरलेल्या मसाल्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्याखाली गंज धरतो आणि आठवड्याभरात बुरशीही येते.

राखेकडेही लक्ष असावे. कोळशाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ती ओल धरते आणि ओली झाली की अल्कधर्मी होते. असे पाणी तेलाचा थर उतरवते आणि खालच्या पत्र्यालाही खाते. पितळेची भांडी राखेने घासण्याची जुनी सवय असलेल्या हातांनी बिडाची जाळी ओल्या राखेने घासू नये. प्रत्येक वापरानंतर, राख पूर्ण गार झाल्याची खात्री करून, म्हणजे शक्यतो दुसऱ्या दिवशी, ती धातूच्या डब्यात काढावी.

गंज चढला असेल तर

केशरी, हाताला लागणारी भुकटी असेल तर ती वरवरची आहे. स्टीलची घासणी आणि थोडे तेल घेऊन घासावे, पुसावे आणि एक-दोन फेऱ्या भाजून घ्यावे. पट्ट्यांवर खवले उठले असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जाळी त्यात बुडवावी. अर्ध्या तासाने बाहेर काढून घासावी आणि गरज वाटल्यास पुन्हा अर्धा तास ठेवावी. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण गंज संपल्यावर आम्ल बिडालाच खायला लागते आणि पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात. बाहेर काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळावी आणि त्याच क्षणी आचेवर वाळवावी. उघडे पडलेले बीड पाहता पाहता पुन्हा केशरी होते, म्हणून तेल, कापड आणि पेटलेला कोळसा हे सगळे आधीच तयार ठेवून मगच जाळी व्हिनेगरमधून काढावी. त्यानंतर कोऱ्या जाळीप्रमाणे तीन फेऱ्या कराव्यात.

जाळी भडकत्या आगीत टाकून जुना थर जाळून काढण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मी तो देणार नाही. जाळी असमान तापून वाकते किंवा तडकते.

तडा गेलेली जाळी जोडता येते का, असा प्रश्न येतो. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या शहरात बीड जोडणारे कुशल वेल्डर आहेत, पण जोडलेली जागा पुन्हा पुन्हा तापून गार होताना बहुधा तिथेच किंवा तिच्या शेजारी सुटते, आणि जोडणीच्या सळईतला वेगळा धातू अन्नाखाली येतो. पट्टी आरपार तुटली असेल तर जाळी बदलणेच योग्य.

खालची जाळी आणि इतर भाग

ज्या जाळीवर कोळसा बसतो ती बिडाची असली तरी तिच्यावर तेल चढवू नये, ते पहिल्याच पेटवणीत जळून जाते. तिच्या भोकांतली राख नियमित झाडावी, म्हणजे हवा खेळती राहून ती गरजेपेक्षा जास्त तापणार नाही. वारंवार लालभडक होणारे बीड काही वर्षांत फुगते, वाकते आणि शेवटी मोडते. तो तिचा स्वाभाविक अंत आहे. हिबाचीच्या बाहेरच्या अंगाला मात्र गरम असताना महिन्यातून एकदा तेलाचे कापड फिरवावे. वरच्या झडपेची बिडाची चकती चरबीच्या धुराने जाम होते. ती थोडी गरम असताना फिरवून मोकळी करावी. गार असताना हातोडीने ठोकली तर फुटेल.

पावसाळ्यासाठी

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ग्रिल बंदच असते. शेवटच्या वापरानंतर जाळी नीट धुऊन, वाळवून एक पूर्ण फेरी भाजावी. नुसते कच्चे तेल फासून ठेवू नये, कारण चार महिन्यांत ते खवट होते, त्यावर धूळ बसते आणि ऑक्टोबरमध्ये चिकट, वासाचा लेप काढत बसावे लागते. भाजून गार झालेली जाळी वर्तमानपत्रात किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळून घरात, जमिनीपासून उंच, फडताळात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आतली ओल आतच राहते. ताडपत्रीच्या आच्छादनाचेही तेच: ग्रिल झाकायचे असेल तर झडपा उघड्या ठेवून खालून हवा खेळेल असे झाकावे आणि पाऊस उघडला की दिवसभर आच्छादन काढावे. आतली राख आणि अर्धवट जळालेला कोळसा आधीच काढलेला असावा.

पावसाळा संपल्यावर जाळी बाहेर काढली की तिला पांढरे कापड पुसून पाहावे. कापड स्वच्छ निघाले तर गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा एक पातळ हात देऊन लगेच वापरायला घ्यावी. तपकिरी डाग आला तर तेवढी जागा घासून जाळी एक फेरी भाजावी, आणि त्या दिवशी आंबट मुरवणीचा टिक्का न करता कणसे किंवा कातडीसह कोंबडी भाजावी.